आठ नंबरच्या सुया आणि नातवाला न बसणारा स्वेटर : जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे

उलटसुलट | ९ नोव्हेंबर, रात्री ९.१०

सर्वांना नमस्कार. मी कोल्हापूरची, शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका आहे. विणकाम मला लग्नानंतर सासूबाईंनी शिकवले आणि गेली चाळीस वर्षे ते अखंड चालू आहे. एवढे सांगण्याचे कारण असे की पुढे जे लिहिणार आहे ते वाचून कोणीही मला नवशिकी समजेल.

माझी लेक शिकागोजवळ राहते. नातू तीन वर्षांचा आहे आणि त्याची छाती ५६ सें.मी. भरते. तिकडच्या थंडीसाठी त्याला पुढून उघडणारा स्वेटर विणावा असे ठरले आणि लेकीने एक अमेरिकन नमुना पाठवला. त्यात तयार स्वेटरची छाती ६२ सें.मी., पाठीसाठी ५६ टाके आणि सुया '८' असे स्पष्ट लिहिले होते. माझ्याकडे आठ नंबरच्या सुया होत्याच. दिवाळीपूर्वी मोरपंखी रंगाची पन्नास ग्रॅमची पाच बंडले आणली आणि पाठ, पुढचे दोन भाग व दोन्ही बाह्या महिन्याभरात पूर्ण केल्या. काल ते भाग ओले करून, टाचण्या लावून पसरले. जी पाठ ३१ सें.मी. रुंद व्हायला हवी होती, ती साडेपंचवीसच भरली.

आधी का मोजले नाही, असे आपण विचाराल. एक ओळ सुलट आणि एक ओळ उलट अशी वीण असली की कापडाच्या उभ्या कडा मागच्या बाजूला गुंडाळतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्यामुळे अरुंद दिसते आहे, धुऊन पसरले की ठीक होईल, अशी माझी समजूत होती. विणायला बसण्यापूर्वी नमुन्याचा छोटा चौकोन विणून टाके मोजावेत, हेही मला माहीत आहे. पण चाळीस वर्षांच्या हाताला चौकोन कशाला हवा, असा थोडा गर्वही होता.

जावई ६ डिसेंबरला इकडून परत जाणार आहेत आणि स्वेटर त्यांच्याबरोबर पाठवायचा आहे. यजमानांचे म्हणणे, "बाजारातून एक घेऊन टाक, त्या पोराला काय कळतंय?" त्यांना मी उत्तर दिलेले नाही. माझे दोन प्रश्न आहेत. चूक नेमकी कुठे झाली? आणि हे सगळे उसवावे की काही तोडगा निघेल?

गुंडाळी | ९ नोव्हेंबर, रात्री ९.५५

ताई, वाचून अक्षरशः पोटात गोळा आला. मला वाटते की आपला हात घट्ट असावा. काही जणींची लोकर बोटावर आवळलेली असते आणि त्यांचे टाके सुईवरून सरकतसुद्धा नाहीत. माझे नेमके उलटे आहे. माझा हात इतका सैल आहे की भावासाठी विणलेला स्वेटर शेवटी वडिलांनी घातला, आणि तोही त्यांना ढगळ होतो.

मी घरून नोकरी करते. मीटिंगमध्ये कॅमेऱ्याच्या चौकटीखाली सुया चालू असतात, त्यामुळे माझ्या विणकामात कोणत्या दिवशी साहेब चिडले होते हे ओळींवरून ओळखता येते. आपल्या प्रश्नाशी संबंधित एकच गोष्ट सांगते. काहीही ठरवण्यापूर्वी बंडलाच्या पट्टीवरचा रंगाचा लॉट नंबर पाहून ठेवा. गेल्या वर्षी माझी एक बाही राहिली आणि लोकर संपली. त्याच दुकानातून त्याच क्रमांकाचा रंग आणला, पण लॉट वेगळा निघाला. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली दोन्ही गुंडे सारखे दिसत होते; रंकाळ्यावर संध्याकाळच्या उन्हात एक बाही हिरवी आणि दुसरी पोपटी झाली. आपल्याकडे दिवाळीनंतर दुकानदार लोकर पुढे मांडतात आणि होळीच्या आत ती माळ्यावर जाते, तेव्हा जो लॉट हातात आहे तोच आपला, असे धरून चालावे लागते.

उद्यमनगरी | १० नोव्हेंबर, सकाळी ७.२०

मी विणकाम करत नाही. पत्नी करते, आणि मी दोन्ही हातांवर लडी धरून बसतो, एवढाच माझा या कलेशी संबंध आहे. व्यवसायाने लेथवर काम करणारा माणूस आहे. तरीही एक शंका विचारतो. ताई, आपली आठ नंबरची सुई म्हणजे नेमकी किती मिलिमीटरची? सुईवर कोरलेला आकडा नको. जाडी मोजून सांगा. घरात किंवा शेजारी इंजिनिअरिंगचा कोणी विद्यार्थी असेल तर त्याच्याकडे व्हर्नियर कॅलिपर असेल.

विचारण्याचे कारण असे की आमच्याकडे तार गेजवर घेतली जाते, आणि गेजचा आकडा जितका मोठा तितकी तार बारीक. पत्नीच्या सुया एकदा सहज मोजल्या तेव्हा त्यांचे नंबर या जुन्या ब्रिटिश तारेच्या गेजशी जवळजवळ जुळताना आढळले. दहा गेजची तार सव्वातीन मिलिमीटर आणि दहा नंबरची सुईही सव्वातीनच. अमेरिकेत मात्र सुयांचे आकडे वेगळ्या रीतीने लावतात, असे माझ्या वाचनात आले होते. तसे असेल तर दोष आपल्या हाताचा नसावा.

उलटसुलट | १० नोव्हेंबर, दुपारी १.३०

वरच्या मजल्यावरच्या मुलाकडून कॅलिपर आणला. त्याला वाटले पंप बिघडला. सुई बरोबर ४ मि.मी. भरली. लेकीला फोन करून तिच्याकडची '८' लिहिलेली सुई पाहायला सांगितली. तिच्या सुईवर बाजूला बारीक अक्षरांत ५ मि.मी. लिहिलेले आहे.

एक संपूर्ण मिलिमीटर! मी एवढा वेळ माझ्या हाताला दोष देत होते.

उद्यमनगरी | १० नोव्हेंबर, रात्री ८.०५

शंका खरी ठरली तर. आता पूर्ण हिशोब मांडतो. आपल्या दुकानांत ज्या राखाडी ॲल्युमिनियमच्या सुया मिळतात त्यांचे नंबर जुन्या ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्या पद्धतीत आठ म्हणजे ४ मि.मी. आणि सहा म्हणजे ५ मि.मी. अमेरिकन पद्धतीत आकडा वाढला की सुई जाड होते, म्हणून तिथे ४ मि.मी.च्या सुईला सहा म्हणतात आणि ५ मि.मी.च्या सुईला आठ. म्हणजे सहा आणि आठ यांची चक्क अदलाबदल झाली आहे. गंमत अशी की सात नंबर दोन्हीकडे साडेचार मिलिमीटरचाच आहे, त्यामुळे जन्मभर सात नंबर वापरणाऱ्याला हा घोटाळा कधी कळणारही नाही.

आता टाक्यांचे पाहू. पाच मिलिमीटरच्या सुईवर नमुन्याला १० सें.मी.त १८ टाके अपेक्षित असावेत, कारण ५६ भागिले १८ आणि गुणिले १० केले की ३१ येतात. आपले साडेपंचवीस सें.मी.त ५६ टाके बसले, म्हणजे १० सें.मी.त २२ टाके पडले. मागचा आणि पुढचा भाग मिळून घेर ५१ सें.मी. झाला. मुलाची छाती ५६ सें.मी. आहे, तेव्हा बटणे लागण्याचा प्रश्नच येत नाही. आपला हात घट्ट नाही, सैलही नाही. तो ४ मि.मी.च्या सुईवर अगदी बरोबर चालला आहे.

बाळंतविडा | १० नोव्हेंबर, रात्री १०.४०

उद्यमनगरी यांच्या गणिताला हात जोडते. मात्र हे वाचून ताई उद्या पाच मिलिमीटरच्या सुया आणून नव्याने ५६ टाके घालतील अशी मला भीती वाटते, म्हणून घाईने लिहीत आहे. ताई, तसे करू नका. आपली लोकर नमुन्यातल्या लोकरीपेक्षा बारीक असणार. बारीक लोकर जाड सुईवर घेतली तर माप जुळते, पण कापड मच्छरदाणीसारखे विरळ होते आणि दोन धुण्यांत लोंबते. शिकागोच्या थंडीत त्याचा काय उपयोग?

चार मिलिमीटरच्याच सुया ठेवा आणि टाके बदला. ३१ सें.मी. पाठीला दर सेंटिमीटरला २.२ याप्रमाणे ६८ टाके लागतील. प्रत्येक भागाचे गणित नव्याने करायचा कंटाळा येत असेल तर एक युक्ती आहे. नमुन्यात मोठ्या मुलांची मापे कंसात दिलेली असतात. ज्या मापाच्या पाठीला ६८ च्या जवळपास टाके असतील त्या मापाचे टाके घ्या आणि लांबी मात्र आपल्या नातवाची ठेवा. बाही, बगल, गळा सर्व ठिकाणी टाके मोठ्या मापाचे आणि सेंटिमीटर लहान मापाचे, एवढे पथ्य पाळले की झाले.

मी गेली वीस-बावीस वर्षे बाळंतविडे विणते. टोपडे, झबले, मोजे, दुपटे असा संच असतो. या कामातले सगळ्यात मोठे सुख हे की वस्तू लहान असते आणि चार दिवसांत संपते, आणि सगळ्यात मोठे दुःख हे की बाळ त्याहून लवकर वाढते. बारशाला दिलेले मोजे महिन्याभरात अंगठ्यावर बसतात. म्हणून आता मी जन्माच्या वेळचे माप विणतच नाही. सहा महिन्यांचे विणते आणि बाळाच्या आईला ते जपून ठेवायला सांगते. तिला वाटते की मला माप कळत नाही.

उसवण्याबद्दल सांगायचे तर, उसवाच. बगलेत दोन्हीकडे साडेपाच सें.मी.च्या पट्ट्या घालून घेर वाढवता येतो, पण बाह्याही तितक्याच अरुंद झाल्या असणार. ठिगळ लावून आजीच्या हातचा स्वेटर पाठवू नये.

मागावरचा | ११ नोव्हेंबर, सकाळी १०.१५

मी इचलकरंजीचा आहे. या चर्चेचे शीर्षक दिसण्याआधी मी 'विणकाम' असा शोध घेतला होता आणि मागाविषयी काहीतरी सापडेल अशी अपेक्षा होती. आपल्या भाषेने दोन वेगळ्या गोष्टींना एकच शब्द दिला आहे. आमच्या गावात १९०४ साली पहिला यंत्रमाग बसला, तेव्हापासून गावाचे पोट विणकामावर चालते, पण ते विणकाम म्हणजे उभ्या ताण्यातून आडवा बाणा घालणे. तुमच्या विणकामात एकच धागा स्वतःच्याच फासातून पुन्हा पुन्हा जातो. मागावरचे कापड कापले तर कडेचे दोरे निघतात. तुमचे कापड एका टोकाने ओढले की अख्खा स्वेटर पुन्हा गुंडा होऊन हातात येतो. ताईंना ज्याचे दुःख होत आहे तीच मला या प्रकाराची मोठी सोय वाटते. मागावर चूक झाली की माल सेकंडमध्ये जातो, तो पुन्हा सूत होऊन परत येत नाही.

एक सूचना करतो. बाजारातल्या ज्या वस्तूला आपण लोकर म्हणतो ती बहुतेक वेळा ॲक्रिलिक असते, म्हणजे प्लॅस्टिकचाच धागा. आपल्या जिल्ह्यात इतके सुती सूत असताना ते का वापरत नाही?

गुंडाळी | ११ नोव्हेंबर, दुपारी १२.५०

कारण मी ते वापरून पाहिले आहे! सुताला स्वतःची लवचीकता फार कमी असते. लोकर ताणली की परत जागेवर येते, सूत ताणले की ताणलेलेच राहते. मी चार पदरी सुताचे जाकीट विणले, ते वजनाने इतके जड झाले की तिसऱ्या दिवशी गुडघ्याकडे निघाले. शिवाय जुलैत ते धुतले आणि पाच दिवस दोरीवर वाळत होते. उन्हाळ्यासाठी जाळीचे हलके श्रग, पिशव्या, ताटाखालची आसने यांना सूत उत्तम आहे, आणि कोल्हापुरात वर्षातले आठ महिने तेच विणावे हेही खरे. पण नातवाच्या स्वेटरला नको.

ॲक्रिलिकला नावे ठेवणाऱ्यांना मी नेहमी विचारते की तीन वर्षांच्या मुलाचा खऱ्या लोकरीचा स्वेटर कोण हाताने धुणार आहे? लोकरीच्या तंतूवर खवले असतात. गरम पाणी आणि घुसळण मिळाली की ते एकमेकांत अडकतात आणि स्वेटर आटून नमद्यासारखा घट्ट होतो. शिकागोतली कामावरून दमून आलेली आई तो यंत्रातच टाकणार.

बाळंतविडा | ११ नोव्हेंबर, दुपारी ३.३०

यात एक भर घालते. ॲक्रिलिकला कसर लागत नाही, कारण किड्यांना त्यात खायला काही नसते. खऱ्या लोकरीचे तसे नाही. आईने मला दिलेली शाल डांबरगोळ्या असूनही एका पावसाळ्यात चाळणी झाली. ॲक्रिलिकवर मात्र इस्त्री कधीही फिरवू नये. उष्णतेने टाके कायमचे सपाट होतात आणि कापडाचा जीव जातो, त्यावर मग कोणताही उपाय चालत नाही.

गगनबावड्याचा पाऊस | ११ नोव्हेंबर, रात्री ९.२५

कसरीवरून आठवले म्हणून लिहितो. लहानपणी मला वाटायचे की आपल्याकडे इतक्या मेंढ्या आहेत तर लोकर बाहेरून कशाला आणतात. पट्टणकोडोलीला विठ्ठल बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने पिवळी झालेली घोंगडी खांद्यावर घेतलेले धनगर बांधव पाहिले की हा प्रश्न पुन्हा पडायचा. एकदा एका आजोबांकडून थोडी हातकताईची काळी लोकर मागून आणली आणि गळपट्टा विणायला घेतला. दख्खनी मेंढीची लोकर राठ असते. ती मागावर विणून, चिंचोक्याची खळ देऊन घोंगडे केले की पाऊस अडवते, पण गळ्याला लावली की पाच मिनिटांत मान लाल होते. स्वेटरची मऊ लोकर मेरिनो मेंढीची असते. तिचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉनचा असतो आणि आपला त्याहून बराच जाड. तो गळपट्टा आता आमच्या कुत्र्याचे अंथरूण आहे आणि त्याची काही तक्रार नाही.

मी पुरुष आहे हे सांगायला हवे, कारण लोक आधी तेच विचारतात. बावड्याकडच्या एका शाळेत शिकवतो. इथे पावसाळ्याचे चार महिने संध्याकाळी करण्यासारखे काही नसते आणि वीज आपल्या मर्जीने येते-जाते. पहिल्या वर्षी मी पुस्तके वाचली, दुसऱ्या वर्षी मेणबत्त्या संपल्या, तिसऱ्या वर्षी आईकडून सुया घेतल्या. सगळ्या ओळी सुलट असलेली वीण अंधारातही येते, बोटांना टाका कळतो. बाहेर कौलांवर धो धो पाऊस, आत सुयांचा बारीक टकटक आवाज आणि मांडीवर हळूहळू वाढत जाणारे ऊबदार ओझे, हे सुख मी अजून कोणाला नीट समजावून सांगू शकलेलो नाही. स्टाफरूममध्ये सुरुवातीला हसले. तालमीत घुमणारा थोरला भाऊ अजूनही पाहुण्यांसमोर हा विषय काढू देत नाही. त्याला मी सांगितले की युरोपात विणकरांचे जे संघ होते ते पुरुषांचे होते, आणि १५८९ साली मोजे विणायचे पहिले यंत्र ज्याने केले तो विल्यम ली हाही पुरुषच. भाऊ म्हणाला, "असंल, पर तो कोल्हापूरचा नव्हता."

ताई, उसवण्यापूर्वी एक करा. उसवताना जिथे थांबायचे असेल त्या ओळीतल्या सर्व टाक्यांतून दुसऱ्या रंगाचा दोरा सुईने ओवून घ्या, म्हणजे त्याच्या खाली टाके पळणार नाहीत. खालचा काठ वाचवायचा असेल तर याचा उपयोग होईल.

उलटसुलट | १२ नोव्हेंबर, रात्री १०.१०

काठ वाचवता येणार नाही, कारण टाकेच कमी आहेत. आज सर्व उसवले.

जे काम करायला महिना लागला ते उसवायला पाऊण तास लागला. यजमान समोर बसले होते. पाठ उसवताना ते काही बोलले नाहीत. पहिली बाही घेतली तेव्हा त्यांनी टीव्ही बंद केला आणि दोन्ही हात पुढे केले. उसवलेली लोकर शेवयांसारखी कुरळी असते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे येतात. म्हणून त्यांच्या हातांवर लड्या करून चार ठिकाणी सैल बांधल्या, कोमट पाण्यात बुडवल्या आणि न पिळता न्हाणीघरात टांगल्या. खालच्या टोकाला वजन हवे म्हणून त्यांनी अडकित्ता बांधला. शेजारच्या वहिनी मीठ मागायला आल्या, त्यांनी ते मोरपंखी प्रकरण पाहिले आणि मीठ न घेताच गेल्या.

आता प्रश्न लोकर पुरण्याचा आहे. जुन्या लोकरीचे वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर २०० ग्रॅम भरले आणि एक न फोडलेले बंडल ५० ग्रॅमचे आहे. त्याच लॉटचे आणखी बंडल दुकानात नाही. दुकानदारांनी माळ्यावरची सर्व खोकी उघडून दाखवली, म्हणून त्यांच्यावर रागावता येत नाही.

उद्यमनगरी | १३ नोव्हेंबर, सकाळी ७.०५

लांबी तेवढीच ठेवून रुंदी साडेपंचवीसची ३१ करायची, म्हणजे लोकर सुमारे १.२२ पट लागेल. २०० ग्रॅमचे २४४ झाले. आपल्याकडे २५० आहेत. सहा ग्रॅम उरतील. लेथवर यापेक्षा कमी मार्जिनवर काम केले आहे.

वेळेचेही पाहिले. पत्नी मिनिटाला पंचवीस टाके घालते, हे मी घड्याळ लावून मोजले (तिला आवडले नाही). ३८ सें.मी. लांबी, दर सेंटिमीटरला तीन ओळी आणि ६८ टाके धरले तर पाठीचे पावणेआठ हजार टाके होतात. पुढचे दोन भाग मिळून तेवढेच आणि दोन बाह्या मिळून जवळपास तेवढेच. एकूण सव्वातेवीस हजार. रोज एक तास बसलात तर सोळा दिवस. सहा डिसेंबरपर्यंत तेवीस दिवस आहेत.

गुंडाळी | १३ नोव्हेंबर, सकाळी ११.४०

तेवीस हजार हा आकडा वाचून मला एका मैत्रिणीची आठवण झाली. ती मला म्हणाली होती की तू असेही विणतच असतेस, तर माझ्यासाठी एक विणून दे, लोकरीचे पैसे मी देते. हिवाळ्याच्या तोंडावर तिबेटी विक्रेते येतात, त्यांच्याकडे यंत्रावरचा स्वेटर लोकरीच्या पैशांच्या आसपासच मिळतो हे मला माहीत आहे, आणि म्हणूनच मी विकण्यासाठी विणत नाही. पण 'असेही' या शब्दाचा राग अजून गेलेला नाही.

बाळंतविडा | १३ नोव्हेंबर, दुपारी २.१५

'असेही' ऐकले की मी सरळ दोन सुया आणि एक गुंडा समोरच्याच्या हातात देते आणि ये, शिकवते म्हणते. आजवर एकच जण शिकली. ती माझी सून झाली, पण तो वेगळा विषय आहे.

ताई, या वेळी चौकोन विणा. निदान पंधरा सें.मी.चा विणा, धुऊन वाळवा आणि मधले दहा सें.मी. मोजा, कारण कडेचे टाके नेहमी फसवतात. मोजून झाला की उसवून ती लोकर परत वापरा. सहा ग्रॅममध्ये चौकोन वाया घालवणे परवडणार नाही.

उलटसुलट | १४ नोव्हेंबर, रात्री ९.३०

चौकोन विणला. बावीस टाके, तीस ओळी. चाळीस वर्षांतला माझा पहिला चौकोन. ६८ टाके घातले आहेत.

उद्यमनगरी | १६ नोव्हेंबर, सायंकाळी ६.४५

रविवार मोकळा होता म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीला दोनपासून सहा मिलिमीटरपर्यंत पाव-पाव मिलिमीटरच्या अंतराने छिद्रे पाडली आहेत. प्रत्येक छिद्र लिहिलेल्या मापापेक्षा किंचित, म्हणजे मिलिमीटरच्या दहाव्या भागाने मोठे ठेवले आहे, नाहीतर चारची सुई चारच्या छिद्रात जात नाही. ज्या मापांना नंबर आहेत त्यांच्याखाली आपला नंबर आणि अमेरिकन नंबर दोन्ही ठोकले आहेत. पहिली पट्टी पत्नीने ठेवून घेतली. दुसरी ताईंसाठी आहे. बिंदू चौकातल्या ओळखीच्या दुकानात ठेवतो, पत्ता निरोपातून कळवतो.

उलटसुलट | ३ डिसेंबर, रात्री ८.२०

स्वेटर पूर्ण झाला. घेर ६२ सें.मी. भरला. लोकर मात्र सहा ग्रॅम उरली नाही, दीड वावच उरली, कारण बटणपट्टी मी दोन ओळी रुंद केली. महाद्वार रोडवर लाकडी बटणे मिळाली. लेकीने व्हिडिओवर पाहिला आणि नातवाने मोर कुठे आहे असे विचारले. मोरपंखी म्हणजे रंग, हे त्याला अजून पटलेले नाही. जावयांच्या बॅगेत तो आज गेला.

पट्टी मिळाली, उद्यमनगरी यांचे मनापासून आभार. ती हातात आल्यावर मला चैन पडेना, म्हणून सासूबाईंचा सुयांचा पत्र्याचा डबा काढला आणि एकेक जोडी छिद्रातून घालून पाहिली. त्यांची सर्वांत लाडकी जोडी, जिच्यावर मी विणायला शिकले, तिच्यावरचे नंबर झिजून गेले आहेत आणि दोन्ही सुया लाल दोऱ्याने एकत्र बांधलेल्या आहेत. त्यातली एक सुई पावणेचारच्या छिद्रातून आरपार गेली. दुसरी तिथे अडकली आणि चारमधूनच गेली. म्हणजे एक नऊ नंबरची आणि एक आठ नंबरची. माझ्या पहिल्या शालीत एक ओळ घट्ट आणि एक ओळ सैल असे पट्टे पडले होते, आणि "तुझा हात उलट ओळीला ढिला पडतो," असे सासूबाई मला १९८४ पासून शेवटपर्यंत सांगत राहिल्या. मीही ते खरे मानून उलट ओळीला लोकर बोटावर एक वेढा जास्त घेत आले.

आज तो वेढा न घेता चार बोटे विणून पाहिले. ठीक येते आहे.

नऊ नंबरची एकटी, जोडीदार हरवलेली सुई कोणाकडे पडून असेल तर कृपया कळवावे. लांबी चौदा इंच, टोपण राखाडी.